ओळी हलल्या तर थांब

प्रिय भिंगरी,

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय आणि काउंटरवरचं ग्रीस कागदाला लागणार नाही अशा बेताने बसून लिहितोय. पाकीट हातात पडल्यावर तू हसशील. एरवी फोनवर लांबलचक आवाजी निरोप पाठवणारा बाप एकदम पत्र काय लिहायला लागला, आणि तेही पहिलीतल्या मुलासारखं टपोऱ्या अक्षरात! तुझी आई मघाशी डोकावून म्हणाली, एका पानावर एवढ्याशाच ओळी, कागद काय फुकट येतात का? मी म्हटलं, असू दे. कारण आहे. ओघात येईल.

इथलं म्हणशील तर आपला रग्बीचा क्लब चालू आहे. तुझ्यानंतर आलेल्यांत एक ठोकळा आहे, नावाप्रमाणे आडवा. परवा त्याच्या मानेला हिसका बसला, म्हणून मी त्याला बाहेर बसवलं, तर त्याची आई तणतणत दुकानात आली. पंक्चर काढणाऱ्याने माझ्या मुलाला बसवायचं म्हणजे काय, म्हणाली. मी म्हटलं, ताई, पंक्चर काढून मिळतं, मान बदलून मिळत नाही. गेली पाय आपटत. ठोकळा मात्र बसलाय. वजनाप्रमाणे जोड्या लावायच्या आणि टॅकल छातीच्या खालीच करायचा, हे दोन्ही नियम मी अजून ढिले होऊ दिलेले नाहीत. सरावाआधी प्रत्येकाला झोप कशी झाली, कुठे दुखतंय हे विचारतो. मुलं खोटं बोलतात. तू शेजारी उभी असायचीस तेव्हा डोळ्यांनीच खूण करायचीस, की हा थापा मारतोय.

तुला आठवतं ना, मी हे सगळं कसं शिकलो ते? वाचनालयातली ती जाडी पुस्तकं, मांडीवर शब्दकोश, आणि शब्द अडला की तू शोधून द्यायचीस. लोक मला अर्धा डॉक्टर म्हणून चिडवायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्या मैदानावर पुरा डॉक्टर कधी फिरकलाच नव्हता. डोक्याला मार लागलेल्या मुलाला कसं तपासायचं, हे मी तुझ्यावरच बसवलं. डोळे मिटून एका पायावर उभं राहा. महिने उलटे म्हण. मी सांगितलेले शब्द थोड्या वेळाने परत सांग. तू डोळे मिटून उभी राहिलीस की बाकीची पोरं कंटाळून खाली बसायची, पण तुझा पाय हलायचा नाही. मी छाती फुगवून सगळ्यांना दाखवायचो. आजही माझं शिकवणं चुकलं, असं मी म्हणणार नाही.

तुझ्या उपांत्य सामन्याचं चित्रण तुझ्या तिकडच्या संघाच्या सरांनी पाठवलं. आईने एकदा पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि कुकर लावायला गेली. मी पाहतच राहिलो. तो टॅकल तू बरोबरच केलास, खांदा योग्य जागी होता. त्या मुलीचा गुडघा मध्ये येऊन तुझ्या डोक्याला लागला, त्याला कोण काय करणार? पण उठताना तुझा हात जमीन चाचपत होता. मग तू चालू लागलीस ती समोरच्या संघाकडे. तुझ्या मैत्रिणीने दंडाला धरून वळवलं, तेव्हा तू हसलीस. बघणाऱ्यांना ती गंमत वाटली असेल. मी आयुष्यभर सायकलच्या चाकांचा आउट काढत, वाकडी रिंग सरळ करत आलोय, भिंगरी. केसभर डुगडुगणारं चाक मला लांबून कळतं.

मी तुमच्या संघाच्या डॉक्टरांना फोन केला. मुलगा सभ्य आहे, काका काका करून बोलला. म्हणाला, काळजी करू नका, सामन्यानंतर तपासलंय, हंगामाच्या सुरुवातीला तिचा तोल होता त्याहून आता चांगला आहे. सुरुवातीला तू डळमळलीस? तू? मार लागण्याआधीच चाचणी मुद्दाम वाईट देऊन ठेवायची, म्हणजे मार लागल्यावर फरक दिसत नाही. ही चलाखी त्या चाचणीची नस न् नस माहीत असलेल्यालाच सुचू शकते. मी डॉक्टरांना हे सांगितलं. तो म्हणाला, काका, कोणती मुलगी मुद्दाम नापास होईल? सरांनी तर मला बोलूच दिलं नाही. अंतिम सामन्याला निवड समिती येणार आहे, ती स्वतः ठीक आहे म्हणतेय, मी अडवणारा कोण, असं म्हणून फोन ठेवला. आई म्हणते, तुम्ही ओरडलात तर ती आपल्याशी बोलायचीही नाही. म्हणजे सगळे दरवाजे वाजवून झाले. कागदावर तू ठणठणीत आहेस.

आता कारण सांगतो. तुझा फोन बिघडलाय, असं तू आईला कळवलंस. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला आईने विचारलं, तर ती म्हणाली, फोन चांगला आहे, पण ही तो पालथा घालून ठेवते, दिवसासुद्धा पडदे ओढून डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडते. म्हणून कागद. म्हणून जाड काळं पेन आणि पानावर मोजक्या ओळी. रविवारच्या अंतिम सामन्याआधी हे तुझ्या हातात पडेल. तू तरीही मैदानात उतरशील, हे मला ठाऊक आहे. माझी जिद्द तुझ्यात आहे आणि तिला उतारा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. पण ही एक चाचणी मी तुला कधी शिकवलेली नाही. वाचताना ओळी हलल्या असतील, मध्येच पत्र खाली ठेवून डोळे मिटावे लागले असतील, हे शेवटचं पान कुणाकडून तरी वाचून घेत असशील, तर निकाल लागला. तो फक्त तुला माहीत आहे. इथे फसवायला समोर कुणी नाही.

तुझाच,
बाबा