जिभेची वळणपट्टी

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. माणूस काही मोठं करून दाखवतो तेव्हा त्याची सुरुवात कोणी लिहून ठेवलेली नसते, आणि मग सगळे म्हणत सुटतात की याला आधीपासूनच येत होतं.

प्रकरण असं. दर रविवारी मुलगी आणि नात येतात. नात सात वर्षांची, घरात तिला ठिणगी म्हणतो. तिच्या शाळेत महिनाअखेर कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाने घरातलं एक मोठं माणूस बरोबर घ्यायचं आणि दोघांनी स्टेजवर काहीतरी करून दाखवायचं. ठिणगी जिभेच्या करामती दाखवणार आहे. जिभेची गुंडाळी, तीन पाकळ्यांचं फूल, उलटी जीभ. आज तिने सगळ्या करून दाखवल्या आणि विचारलं, आजोबा, तुम्हाला गुंडाळी येते का. मी म्हटलं, येते की. ती म्हणाली, दाखवा. मी म्हटलं, आत्ताच गरम चहा प्यायलोय.

मग तिने बावीस तारखेचा रविवार दिला. तेव्हा गुंडाळी दिसली तर स्टेजवर मी. नाहीतर दुसरे आजोबा.

दुसरे आजोबा म्हणजे आमचे व्याही. त्यांना गुंडाळी येते, शिवाय त्यांची जीभ नाकाच्या शेंड्याला टेकते. माझं मत विचाराल तर नाकच इतकं खाली उतरलंय की जिभेला फारसे कष्ट नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार

सराव सुरू. मी कवळ्या बनवतो. उभं आयुष्य डेंटल लॅबमध्ये लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे हाताळण्यात गेलं. तेव्हा तोंडाबद्दल मला कोणी शिकवू नये. साच्यात जीभ नसते हे मान्य, तिथे नुसती मोकळी जागा असते. पण घर पाहिलेलं असलं की भाडेकरू कसा असेल ते कळतंच.

आरसा वापरायचा नाही असं ठरवलंय. आरशात बघून कच्चे लोक शिकतात. मला आतून जाणवतं.

सकाळी ब्रश झाल्यावर जाणवलं, की डावी कड किंचित उचलली गेली. पहिल्याच दिवशी. बायकोने बाहेरून विचारलं, बरं वाटत नाहीये का.

४ फेब्रुवारी, बुधवार

उजवी कडसुद्धा उचलली गेली. लॅबमधल्या पॉलिशवाल्याला दाखवलं. तो कवळ्या घासून चकचकीत करतो, नजर बरी असायला हवी. पण म्हणाला, जीभ सपाट दिसतेय. मी म्हटलं, तू बसलायस त्या बाजूने तसंच दिसणार. तो उठून या बाजूला आला आणि म्हणाला, इथूनही सपाट दिसतेय. माणसाला दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

शिवाय डॉक्टरीणबाईंचा फोन. आमच्या बहुतेक कवळ्या त्यांच्याच दवाखान्यात जातात. परत तेच, की माझी कवळी सैल बसते. एका पेशंटची म्हणे शिंकताना बाहेर पडली. आता लोकांनी इतक्या जोरात शिंकायचं कशाला?

८ फेब्रुवारी, रविवार

ठिणगी आली. आल्या आल्या म्हणाली, तोंड उघडा. मी म्हटलं, अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही. तिने फोनवर व्याह्यांचा व्हिडिओ दाखवला. गुंडाळी, मग नाकाला जीभ, मग परत गुंडाळी, वर डोळा मारला. या वयात.

व्हिडिओ संपल्यावर ठिणगी खूप हसली. मी हसलो नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती म्हणून मी उठून पंखा पुसायला घेतला.

११ फेब्रुवारी, बुधवार

पॉलिशवाल्याने कुठेतरी वाचून आणलंय की गुंडाळी काहींना येते आणि काहींना कितीही केलं तरी येत नाही, घराण्यात असावी लागते. मी तिथल्या तिथे त्याचं तोंड बंद केलं. माझ्या मुलीला येते. नातीला येते. मग घराण्यात कोणाकडून आली? आकाशातून पडली? तो परत कवळी घासायला लागला. अशा लोकांना नुसतं तर्काने मारायचं.

१५ फेब्रुवारी, रविवार

फसवणूक झाली. मी सोफ्यावर डुलकी घेत होतो. बहुधा झोपेतही सराव चालू असावा, कारण तोंड उघडं होतं. ठिणगी टॉर्च घेऊन आली आणि तिने आत बघितलं. आईला जाऊन सांगितलं, आजोबांची जीभ पोळपाटासारखी आहे.

झोपेतली जीभ हिशेबात धरायची नसते असं मी सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, सोडा ना हा नाद, सासरे आनंदाने जातील. तेच तर. आनंदाने जातील.

त्या स्टेजवर मीच जाणार. नाकावर टिच्चून जाणार. आणि ते नाक कोणाचं हे सांगायची गरज नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुचलं. जिभेला हाड नसतं, लोक टोमणा म्हणून म्हणतात. माझ्या दृष्टीने ती तांत्रिक माहिती आहे. हाड नाही म्हणजे आधार नाही. मग आधार द्यायचा.

खालच्या दातांवर बसणारी एक पट्टी करायची, कवळीच्याच गुलाबी मटेरियलची. तिला दोन्ही बाजूंनी उभ्या भिंती. जीभ मध्ये घातली की कडा वर उठल्याच पाहिजेत, दुसरी वाटच नाही. थोडा वेळ ठेवायची, मग काढायची, जीभ त्याच आकारात राहणार. नाव ठेवलंय वळणपट्टी. या शोधावर माझं नाव लागलं तर व्याही काय चेहरा करतील ते मला बघायचंय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत माझ्याच दातांचं माप घेतलं, साचा ओतला. आता एक गंमत. दातांच्या मुळाशी बारीक खाचा असतात. साच्यातल्या त्या खाचा आधी मेणाने बुजवायच्या आणि मगच पट्टी बनवायची, असा लॅबचा नियम आहे. मी जन्मभर त्या भरभरून बुजवत आलो. आणि बक्षीस काय मिळालं? सैल बसते.

या वेळी एकही खाच बुजवली नाही. पॉलिशवाल्याने आठवण केली. मी म्हटलं, तू पॉलिश बघ.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पट्टी तयार. साच्यावरून निघेना, शेवटी साचा फोडून काढावी लागली. याला म्हणतात पकड. पॉलिशवाला फोडलेल्या साच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. भारावला असावा.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी, ती लोकं यायच्या जरा आधी, पट्टी घातली. जाईना, म्हणून अंगठ्यांनी दाबली. टक् असा आवाज झाला आणि बसली. जीभ भिंतींच्या मध्ये. कडा वर. मी लिहून ठेवतो, की त्या क्षणी माझ्या जिभेची गुंडाळी झाली होती.

दार उघडलं ते तोंड उघडूनच. ठिणगी ओरडली, आजोबांना आली! तिने माझ्या कमरेला मिठी मारली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग तिने विचारलं, हे गुलाबी काय आहे.

काढायला गेलो. निघेना. नखाने, चमच्याच्या दांड्याने, गरम पाण्याने, मग थंड पाण्याने. मी मुलीला समजावत होतो की काळजीचं कारण नाही, पण पट्टीमुळे एकही अक्षर धड उमटत नव्हतं, त्यामुळे ती जास्तच घाबरली. बायकोने एकदा वाकून आत बघितलं आणि शांतपणे चप्पल घातली.

गाडी व्याह्यांकडे आहे. याहून जास्त लिहीत नाही. ते आले, मला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि वाटेत दोनदा म्हणाले, बोलू नका, त्रास होईल.

डॉक्टरीणबाईंनी रविवार असून दवाखाना उघडला. पक्कड लावून पाहिली, मग मशिनने पट्टीचे दोन तुकडे केले. घाम पुसत म्हणाल्या, तुमच्या हातचं इतकं घट्ट काम मी आजवर पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं कुठे होती ही फिटिंग? सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. हे नोंदवून ठेवणं आवश्यक आहे.

मग ठिणगी म्हणाली, आता दाखवा. मी खुर्चीत आडवा, वरून दिवा, भोवती डॉक्टरीणबाई, मुलगी, व्याही, सगळे वाकलेले. मी जीभ बाहेर काढली आणि सगळा जीव एकवटून वळवली. मला आतून स्पष्ट जाणवलं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जरा जवळ ओढला. व्याह्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं.

तेवढ्यात बायकोने ठिणगीला विचारलं, असं करायचं असतं का गं. आणि बायकोने स्वतःच गुंडाळी केली. मग तीन पाकळ्या केल्या. मग जीभ उलटी केली. मग नाकाला टेकवली, आणि तिचं नाक तर वरच्या बाजूला आहे. म्हणाली, लहानपणापासून येतं, कोणी कधी विचारलं नाही.

संसाराला इतकी वर्षं झाली, आणि मला आज कळतंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

स्टेजवर आजी जाणार. म्हणजे व्याहीही बाद. याला मी माझा विजय समजतो.

हिरड्या दुखतायत. पॉलिशवाल्याने घराण्याचा विषय काढला नाही. मला वाटतं त्याच्या डोक्यात होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कार्यक्रम झाला. आजी-नातीने सभागृह डोक्यावर घेतलं. शेवटी ठिणगीने खिशातून पट्टीचे दोन्ही तुकडे काढून वर धरले आणि माइकवर सांगितलं, की हे माझ्या आजोबांनी माझ्यासाठी बनवलं आणि डॉक्टरांनापण काढता येत नव्हतं. सगळे लोक जोरात हसले. कौतुकानेच. मी उभा राहून हात हलवला.

शेजारी व्याही बसले होते. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. दोघेही बाद, म्हणून असेल. मी हात झटकला नाही.

खरं लिहायचं तर वाईट वाटत होतं. तिच्या शेजारी मला उभं राहायचं होतं, बाकी काही नाही.

परत येताना ठिणगीने मला बाजूला घेऊन विचारलं, आजोबा, तुम्ही कधी आरशात बघितलंय का.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बघितलं.

आरसा जुना आहे. मधला भाग तर पार सपाट दाखवतो. सोमवारी लॅबमधल्या आरशात बघणार आहे.