तुसाचा कोळसा

पेण, ९ डिसेंबर १९९६

प्रिय कृष्णादादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडीने आईचा गुडघा कुरकुरतो, पण पोह्याचे पापड लाटणं काही सुटत नाही. तुमच्या अष्टमी गावात थंडी कशी आहे? वहिनीच्या खोकल्यासाठी आईने अडुळशाचा काढा करून ठेवलाय.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी भट्टी साफ करत होते. एक स्क्रू नळीतल्या कोळशात पडला, म्हणून लोहचुंबक फिरवला. स्क्रू आला, आणि कोळशाची पूडही मिशीसारखी चिकटून आली. भाताच्या तुसाचा कोळसा, दादा. तो कधी लोहचुंबकाला चिकटतो का?

तरी मी स्वतःची समजूत घातली, भट्टीचा गंज असेल म्हटलं. मग आमच्या शिपायाला, काळुरामला विचारलं. तो सहज म्हणाला, "कृष्णादादा येतात तवा डबीतली पूड मिसळतात ना? मला वाटला, तुमाला ठाव हाय."

तुझ्या कंपनीतलं निकेल, लोखंडासारखं लोहचुंबकाला चिकटणारं. तापल्या नळीतून सोडलेल्या गोबरगॅसमधून हायड्रोजन सुटत होता तो त्याच्यामुळे, आणि मी वेडी समजत होते, माझ्या कोळशामुळे. पहिल्यांदा नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली आणि फट् झालं, तेव्हा तू गल्लीभर पेढे वाटलेस. कुठल्या तोंडाने वाटलेस रे?

तू म्हणशील, "तुझा रडवेला चेहरा बघवेना." महिनोन् महिने काही होत नव्हतं हे खरंच आहे. पण मग तोंडावर सांगायचंस, "नमू, तुझ्या कोळशात काय राम नाय." मी भांडले असते, आठवडाभर अबोला धरला असता, आणि पुन्हा भट्टी पेटवली असती. तू केसाने गळा कापलास. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

काल नवा तूस जाळून, नवी नळी लावून एकटीनेच प्रयोग केला. भट्टी आता पूर्वीपेक्षा जास्त तापते, म्हणून असेल, पण हायड्रोजन आला. निकेलच्या मानाने अगदी थोडा, पण निव्वळ माझ्या कोळशाचा. मी भट्टीशेजारी बसून रडले. माझे जुने आकडे माझ्या मुंबईच्या मार्गदर्शक सरांनी तिथल्या परिषदेला पाठवलेत. ते खोटे होते म्हणायचं आणि त्याच तोंडाने कालचा आकडा खरा म्हणायचं, तर ऐकणार कोण?

येत्या शनिवारी सरांना सांगायला मुंबईला जाते आहे. हे कोणी केलं, असं ते विचारतीलच. मी तुझं नाव घेतलं तर कंपनीतली पूड उचलली म्हणून तुझी नोकरी जाईल, म्हणून घेणार नाही. मग लबाडी माझी ठरेल, आणि त्या कोळशाला पुन्हा कोणी विचारणार नाही. तू स्वतः येऊन सांगितलंस तरच काही वाचेल. तुला काय गमवावं लागेल ते मला ठाऊक आहे, तरी मागते आहे. सकाळी पेणच्या एसटी स्टँडवर थांबेन, मुंबईची पहिली गाडी लागेपर्यंत.

आईला अजून काही बोलले नाही.

शनिवारपर्यंत तुझीच,
नमू