फाटक उघडं का राहिलं

हाउनानीताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. लास वेगासच्या उन्हात गुडघे बरे राहतात असं तू म्हणतेस, तर राहोत. माझे दोन्ही कुरकुरतात, पण ते आपल्या घराण्याचेच असल्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? भावोजींना विचारलंय म्हणून सांग. (त्यांनी पाठवलेली टोपी वाऱ्याने नेली. मी शोधतोय, एवढंच सांग.)

शनिवारची भानगड तुझ्या कानावर गेलीच असेल, कारण आपल्या नात्यात बातमी विमानाच्या आधी पोचते. तर खरं काय ते माझ्याकडून ऐक. बाबांचं उहिउहिचं झाड वाळलं त्याआधी आपल्या रोपं वाढवणाऱ्या तादाओने त्याच्या बिया उचलून ठेवल्या होत्या, हे तुला माहीत आहे. त्यांची अकरा रोपं झाली. कातळासारख्या कठीण लाकडाचं झाड, पण लहानपणी काकडीपेक्षा कोवळं. ज्वालामुखीच्या अख्ख्या उतारावर उहिउहिचं आता एवढंच उरलंय, आणि ती अकराच्या अकरा शनिवारी लावायची होती. गावातली साठेक माणसं आली, कुदळी आल्या, पाठीवर पाण्याचे कॅन आले.

आई गेल्यापासून फाटकाशी उभं राहून रानाची परवानगी मागायचं काम माझ्याकडे आहे. रीत तुला पाठच आहे: फाटक उघडायचं, बाहेरून मागणं गायचं, शेवटची ओळ झाली की आतून हॅरिएटमावशीने उत्तर गायचं, मग पाऊल आत. मधे कुणी बोलायचं नाही की हलायचं नाही. एरवी आम्ही पाचसात जण असतो, मावशी पहिल्या ओळीलाच उत्तर देऊन मोकळी होते. शनिवारी सगळं गाव उभं, म्हणून सगळं रीतसर. मी डोळे मिटून सुरू केलं. ते जरा लांबलं. (वारा समोरून होता.)

तेवढ्यात वरच्या लाव्हाच्या खडकांतून नऊ रानबकऱ्या उतरल्या आणि म्हातारी बकरी पुढे घालून, साठ माणसांच्या अंगावरून म्हणावं इतक्या जवळून, फाटकातून आत गेल्या. रोपांचे ट्रे आतच मांडलेले. साठही माणसांनी पाहिलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही, कारण मागणं चालू असताना बकरी हाकलायची कशी? मावशी शेवटच्या ओळीची वाट बघत उभी. तादाओच्या गालांवरून पाणी वाहत होतं म्हणे, पण हात दोन्ही बाजूंना सरळ. मला चावण्याचा आवाज आला तेव्हा मी थांबलो.

"झालं का रे तुझं, वेंडेल?" मावशीने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"त्यांचंही झालं."

तीन रोपं उरली. घरून आणलेलं जेवण मात्र पुरलं नाही. अळूच्या कंदाच्या पोईचं भांडं लोकांनी बोटांनी पुसलं. मग बैठक बसली आणि ठरलं की नीट मागणं होईपर्यंत ती तीन आत न्यायची नाहीत. तादाओ म्हणतो, हिवाळ्याचा पाऊस फेब्रुवारीत सरायच्या आत लावलं नाही तर कुंडीत मुळं वळतात आणि रोप मरतं. आता कुंपण बुटकं, वारा उलटा, बकऱ्या निर्लज्ज, यात माझा दोष तो काय, तूच सांग.

तुझा,
वेंडेल

ता. क. वारा नव्हता. मला त्या मागण्याच्या पहिल्या चारच ओळी येतात. त्याच मी सहा वेळा म्हटल्या, पुढचं आपोआप येईल म्हणून. पूर्ण मागणं आईने फक्त तुला दिलं आहे.

ता. क. कागदावर लिहून पाठवू नकोस, फोनवरही नको. मावशी म्हणते, ते फाटकाशी उभं राहूनच शिकायचं. जानेवारीत ये. रोपं मी फाटकाबाहेर सावलीला ठेवली आहेत, पाणी रोज घालतो.

ता. क. आईने शेवटच्या महिन्यात मला दोनदा हाक मारली होती, बस, शिकवते म्हणून. मी म्हणालो, रविवारी बसू.