प्रवाळांच्या खोलीतला निरोप

४ एप्रिल १९९३, रविवार
वैशाली नगर, भिलाई

आज सकाळी दुर्ग स्थानकावर उतरले आणि नव्या जागेविषयीची माझी सारी भीती तिथल्या टेम्पोवाल्याने घालवली. पुस्तकांची ट्रंक उचलताना त्याने विचारले की, हिच्यात लोखंड भरले आहे काय. आणि असेलच तर भिलाईत कशाला आणले, लोखंड तर इथून बाहेर जाते. मला हिंदीत उत्तर जुळवायला वेळ लागतो. ते जुळेपर्यंत टेम्पो सुटला होता, पण मी मात्र वाटभर हसत होते.

घर छान आहे. पुढे बोगनवेल, मागे तुळस आणि अंगणालगत माझी स्वतंत्र खोली. श्यामराव लांजेवार पोलाद कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मध्यंतरी काही वर्षे ते विशाखापट्टणमला होते. तिथे त्यांना समुद्राचा नाद लागला आणि परतताना त्यांनी जिवंत प्रवाळ डब्यांत घालून रेल्वेने आणले. त्यांच्यासाठी घरात काचेची खाऱ्या पाण्याची टाकी बांधली. आता मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली आहे. उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाहीत. प्रवाळांकडे पाहून त्यांची प्रकृती सांगणारे कोणीतरी हवे होते, म्हणून आमच्या प्राध्यापकांनी माझे नाव सुचवले.

जुलैत नागपूरला एम.एस्सी.चे वर्ग सुरू होतील. तोवर इथे राहायचे. पदवीच्या परीक्षेत मी प्रवाळाची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. समुद्र मात्र अजून पाहिलेला नाही.

सिंधुताई, म्हणजे श्यामरावांच्या पत्नी, आमच्याच भंडाऱ्याकडच्या. मी बिनसाखरेचा चहा मागितला तर म्हणाल्या, ‘कावून वं? तुलेबी काकासारखी शुगर झाली का?’ त्यांना काकू म्हणायचे असे लगेच ठरून गेले.

६ एप्रिल

टाकी उत्तरेकडच्या खोलीत आहे. आकाराने शिवणयंत्राच्या टेबलाएवढी, पण तिच्यासमोर बसले की खोली लहान वाटू लागते.

काकांनी प्रत्येक प्रवाळाला नाव दिले आहे. वळ्यावळ्यांचा तो ‘मेंदू’, फांद्यांचा तो ‘बोटे’, पसरट तो ‘छत्री’. छत्रीच्या मागे गव्हाळ रंगाची आणखी एक वसाहत आहे. तिला नाव नाही. वसाहत हाच शब्द योग्य, कारण प्रवाळ म्हणजे एक प्राणी नव्हे. हजारो इवली तोंडे एकमेकांना चिकटून राहतात आणि त्यांचे पोट एकच असते.

प्रवाळाचा रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते त्याला अन्न पुरवते आणि रंगही. पाणी तापले किंवा बिघडले की प्रवाळ त्या पाहुण्यांना बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. म्हणून रंग पाहायचा. दृष्टी शाबूत होती तेव्हा काकांनी भिंतीच्या रंगांचे दुकानात मिळते ते शेडकार्ड आणून प्रत्येक प्रवाळाचा खाना ठरवून ठेवला. मी कार्ड काचेला लावते आणि मोठ्याने वाचते : मेंदू बदामी, बोटे मोतिया, छत्री फिकट जांभळी. शेजारच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसून काका ऐकतात. एखादा रंग नेहमीचा निघाला की ‘शाब्बास’ म्हणतात. मला की प्रवाळाला, ते कळत नाही.

बाष्प होऊन उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या पाण्याने चालत नाही. स्कूटरच्या गॅरेजातून बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणतात, ते ओतायचे. खारे पाणी विशाखापट्टणमहून ओळखीच्या गार्डाबरोबर कॅनमधून येते.

११ एप्रिल

ऊन कडक झाले आहे. टाकीचे पाणी तापू नये म्हणून फ्रिजमध्ये गोठवलेल्या बाटल्या पाण्यात सोडते, वितळल्या की बदलते. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडते. दुपारभर हेच. थकवा येतो, पण काम आवडते. प्रवाळांना माझ्याशी बोलायचे नसते, मलाही कोणाशी बोलायचे नसते. असा शेजार क्वचितच मिळतो.

काकूंचे एक वागणे मात्र विचित्र वाटते. त्या खोलीत त्या अवाक्षर बोलत नाहीत. येतात, गव्हाळ प्रवाळाकडे क्षणभर पाहतात आणि चोरासारख्या निघून जातात. मला असे उठून जाणे जमत नाही. लहानपणी शाळेला निघताना मी एकदा ‘जाते’ म्हटले, तर आईने गल्लीतून परत आणले, पाटावर बसवून हातावर साखर ठेवली आणि ‘येते’ म्हणायला लावून पुन्हा पाठवले. तेव्हापासून घरातून, देवापासून, ग्रंथालयातल्या कपाटापासूनही मी ‘येते’ म्हणूनच निघते. प्रवाळांनाही म्हणते.

१९ एप्रिल

माझ्या स्टुलासमोरच्या काचेवर, आतून, तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका उगवला आहे. भिंगातून पाहिला. प्रवाळच. अशी नवी वसाहत उगवणे म्हणजे टाकी निरोगी असल्याची खूण.

काकांना सांगितले तर ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि आनंदाने विचारले, ‘कोण आलं?’ मी मनात दुरुस्ती केली की, ‘काय आलं’ म्हणायला हवे.

सायंकाळी अंगणातून खोलीत येईपर्यंत पाय जड झाले. उन्हामुळे असावे.

२७ एप्रिल

ठिपका आता रुपयाएवढा झाला आहे. प्रवाळाची वाढ इतकी जलद होत नाही. पुस्तकात वर्षाला काही मिलिमीटर म्हटले आहे. त्याला रंगही चढतो आहे. कार्डावर शोधला, तर ‘साय’ आणि ‘कॉफी’ यांच्या मधला खाना. तो खाना मी ओळखते. आल्याच्या आठवड्यात कंटाळा आला म्हणून मी माझाच हात कार्डाशी लावून पाहिला होता.

आज पुन्हा लावला. माझा हात त्या खान्यात राहिलेला नाही. तीन खाने फिका आहे.

नखे पांढरी दिसतात. ओठही. दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी रक्त तपासले, काही दोष नाही म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या. काकू परतताना रिक्षात माझा तळवा उलटसुलट करून पाहत राहिल्या. नंतर, न राहवून, मी तिथे मोठ्याने काय काय बोलते असे त्यांनी विचारले. रंग वाचते, म्हणाले. खरेच होते ते. निरोपाचे मला सुचले नाही.

आज जेवताना हात तोंडाशी नेण्याचाही कंटाळा आला. इतका थकवा मला परीक्षेच्या दिवसांतही आला नव्हता.

३ मे

आता मी खोलीत शिरले की काचेवरची ती वसाहत फुलते. सगळी तोंडे एकदम उघडतात. इतर प्रवाळ दिवसा मिटलेले असतात.

दुपारी काम संपवले. स्टुलावरून उठायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सवयीने ‘येते’ म्हटले.

आणि उत्तर आले.

‘ये.’

आपल्याकडे कोणी ‘येते’ म्हटले की घरातले माणूस असेच म्हणते — ये. सुखाने ये. नेहमीचे, घरगुती उत्तर. बुडबुड्यांच्या आवाजात. काका घोरत होते. त्यांचे घोरणे मला ऐकू येत होते.

हवेच्या पंपाचा आवाज असेल. तसेच असावे.

५ मे

पंप बंद करून पाहिला. तरीही.

काकूंना सांगितले. त्या भाजी निवडत होत्या. त्यांच्या हातातली चवळीची शेंग तशीच राहिली. ‘तू तिले येतो म्हणून राहिली रोज?’ इतकेच विचारले आणि भाजीची परात बाजूला सारली.

मग सांगितले. माझ्याआधी इथे नलू होती, श्यामरावांची भाची, गोंदियाची. तीही रंग वाचून दाखवायची. अशीच थकत गेली, पांढरी पडत गेली. शेवटी तिला घरी पाठवले. निघताना तिने टाकीसमोर उभे राहून लाडाने म्हटले, ‘येते गं बायांनो.’ गोंदियाला पोचून ती महिनाभरही जगली नाही. ज्या दिवशी तार आली, त्या दिवशी छत्रीच्या मागे तो प्रवाळ दिसला. नलू गव्हाळ होती.

काकूंचे म्हणणे, आपण म्हणतो ते सवयीने. टाकीत जे काही आहे त्याला सवय म्हणजे काय ते ठाऊक नाही. ते शब्द धरून बसते. येते म्हटले म्हणजे येणार.

मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले; आयुष्यात प्रथमच कोणा वडीलधाऱ्यावर आवाज चढवला. काकू रडू लागल्या. म्हणाल्या, ‘माशापाण्याले कोण निरोप देते वं पोरी? नलू लाडावलेली, तिचं ठीक हाय. मले वाटलं तू रंग वाचशील अन् उठशील.’

मग ती टाकी फोडली का नाही?

त्यांनी पदराने डोळे पुसले. ‘फोडू कशी? आत नलू हाय ना.’

६ मे

शेजाऱ्यांच्या फोनवरून माझ्या भावाला, तेजरामदादाला, तो कामाला आहे त्या खाणीच्या कचेरीत फोन केला. परवा येतो म्हणाला. — येतो म्हणाला. या शब्दाला आता मी दचकते.

नुसते निघून जाऊन सुटका नाही, हे नलूवरून कळले. गोंदियाही दूर नव्हतेच त्याला. दिलेला शब्द त्याच खोलीत, त्याच्यासमोर मागे घ्यावा लागेल. ‘जाते’ म्हणावे लागेल. एवढेच.

आज त्यासाठी गेले. उंबऱ्यापाशी उभी राहिले. तोंड उघडले. आईने हातावर ठेवलेली साखर आठवली आणि जीभ —

नाही जमले. दोन अक्षरे. व्याकरणात पहिली येणारी मुलगी मी.

काका हाका मारत होते, रंग वाच म्हणून. वाचले नाहीत. ते दुखावले गेले असतील.

८ मे, शनिवार
दुर्ग, स्थानकावर

दादा सकाळी आला. मला पाहून दारातच थांबला. मग हसून म्हणाला, ‘कमले, खडू खाऊन राहिली का वं इथं?’ मी त्याला काही सांगितले नाही. सांगायला हवे होते. सांगायला हवे होते.

ट्रंक रिक्षात ठेवली. मी टाकीसमोर गेले. काचेवरची वसाहत माझ्या तळहाताएवढी झाली आहे. सगळी तोंडे उघडी. मी डोळे मिटले आणि म्हटले, ‘जाते.’

म्हटले! स्पष्ट म्हटले. तोंडे मिटली. सगळी, एकदम. अंगातून काहीतरी सुटल्यासारखे झाले.

शेजारच्या खोलीतून काकांनी ऐकले. ‘जातो म्हणू नये बेटा,’ ते मायेने म्हणाले. ‘येतो म्हण.’

मी दातांत जीभ धरली. रक्त आले इतकी. नाही म्हटले. एक शब्दही नाही.

पण दादा माझ्यामागे, त्या खोलीत, येऊन उभा होता. थोरामोठ्यांसमोर बहिणीचा उद्धटपणा सावरायला हवा ना. त्याने हात जोडले आणि मोठ्याने म्हटले, ‘बरं काका, येतो आम्ही दोघं.’

आम्ही. दोघं.

काका तेव्हा पाणी पीत होते. काकू दाराशी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. त्या दोघांपैकी कोणीच बोलले नाही.

‘या,’ असे उत्तर आले.

मिटलेली तोंडे उघडली.

दुपारी, तिथेच

गाडी उशिरा आहे. दादा बाकावर आडवा झाला आहे. खाणीत पोती-टोपल्या उचलणारा माणूस. रिक्षातून ट्रंक उतरवताना त्याला दोनदा थांबावे लागले. ‘उन्हानं थकलो वं’ म्हणाला.

उन्हाने.

त्याची नखे मी पाहिली. पाहायला नको होती —

परत गेले पाहिजे. त्या खोलीत उभे राहून दोघांच्या वतीने म्हणायचे, आम्ही जातो. त्याला नेणार नाही. तो पुन्हा काहीतरी बोलेल, नम्रपणे, आपल्या पद्धतीने. मी एकटीच. गाडी यायच्या आत.

तो झोपला आहे. न सांगता उठले तर घाबरेल. त्याला उठवून सांगायचे. काय सांगायचे? जाते म्हटले तर तो मला जाऊ देणार नाही. म्हणून सांगेन की, दादा, काकूंकडे चष्मा राहिला, एवढ्यात जाऊन येते —

तो डोळे न उघडता म्हणाला, ‘ये.’

बुडबुड्यांच्या आवाजात.

मी अजून काहीच बोलले नव्हते. ओठसुद्धा हलवले नव्हते. मी फक्त इथे लिहिले हो