छताला वांगी रंग

४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मुलानं स्टेशनवर माझी पेटी उचलली आणि लगेच कंबर धरली, म्हणजे प्रवासाची दगदग त्यालाच झाली. घर इतकं स्वच्छ आहे की खोकायचीसुद्धा चोरी. भिंती, पडदे, सोफा, सगळं बिस्किटाच्या रंगाचं. माझ्या खोलीत धावायचं यंत्र आहे. सकाळी मुलगा त्यावर धावतो आणि मी पलंगावर बसून बघते. जन्मभर मेट्रन म्हणून पळणाऱ्या पेशंटांना आडवं केलं, आता हे.

कामाचं लिहिते. आता कायमचं इथेच राहायचं, तर माझा फ्लॅट विकायलाच हवा. किल्ली तुझ्याकडे आहेच. गिऱ्हाईकं यायच्या आत रंग लावून घे. तुला काय, आपलं दार ओढायचं आणि समोरचं उघडायचं. बघणाऱ्याला प्रसन्न वाटेल असा रंग निवड. नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळलास इतकी वर्षं, रंगातलं मी तुला काय शिकवणार?

एकटी आहेस म्हणून उभ्या उभ्या जेवू नकोस. आठवण ठेव, राग आवर.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रंग झाला. हॉल लॅव्हेंडर, स्वयंपाकघर त्याहून गडद, झोपायची खोली शाई सांडल्यासारखी जांभळी आणि छताला वांगी. पेंटरनं खात्री आहे ना म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, घरात कुणी जबाबदार माणूस आहे का? म्हटलं, जी होती ती मुलाकडे गेली.

पडदे विकत आणले नाहीत. कंपनीत राणीचा जुना मखमली झगा पडून होता, तो उसवून शिवले. एका पडद्याला अजून बाही आहे, पण ती खिडकीच्या बाजूला जाते.

गिऱ्हाईकं येतात आणि जातात. एक नवं जोडपं आलं होतं. तिला हॉलमध्येच गरगरलं, तो म्हणाला आपण वांग्याच्या पोटात उभे आहोत असं वाटतंय. एका निवृत्त बँकवाल्यानं इथे भविष्य सांगतात का असं विचारलं. मी त्याचा हात बघितला आणि हे घर तुमच्या नशिबात नाही असं सांगून टाकलं. लोकांना नजरच नाही, ताई. तू मुळीच काळजी करू नकोस.

माया असू दे, चष्मा पुसून वाच.

तुझी चिमी

२७ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला एक धपाटा.

छताला वांगी? अगं, माणूस त्या रंगाचा व्हायला लागला की आम्ही ऑक्सिजन लावायचो! ताबडतोब पेंटरला बोलाव आणि सगळं पांढरं कर. बाही आधी काप.

इकडे ठीक. परवा मी कपातून चहा पीत होते, तर सूनबाईनं खालचं टेबल पुसून घेतलं. चहा अजून सांडायचा होता. मुलाला म्हटलं, तुझं पोट सुटलंय. तो म्हणाला, लक्षात घेतो. आता सांग, पुढे काय बोलायचं? इथे कुणी उलट बोलतच नाही. सगळे इतके गोड वागतात, की रात्रपाळीला आलेल्या पाहुण्या डॉक्टरासारखं वाटतं मला.

असो. लोभ ठेव आणि ब्रश टाक.

तुझी ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. घर पसंत पडलं.

दातांचा डॉक्टर आहे, चाळिशीचा. आत आला आणि झोपायच्या खोलीत चक्क जमिनीवर बसला. म्हणाला, दिवसभर पांढरा कोट, पांढऱ्या फरशा, पांढरे दात. आज पहिल्यांदा डोक्याला थंडावा मिळाला. पडद्यांसकट घेतो म्हणतो. बाहीसकट!

मी सांगितलं, नळ गळतो. तो म्हणाला, दुरुस्त करू. मी सांगितलं, वरचा ट्रम्पेट शिकतो. तो म्हणाला, माझ्याकडे लोक याहून वाईट ओरडतात. शेवटी सांगितलं की समोर राहणारी बाई महाभांडकुदळ आहे. कोण, म्हणून विचारलं. मीच, म्हटलं. तर हसला. दातही चांगले आहेत मेल्याचे.

आता खरं लिहिते. मला गिऱ्हाईक नकोच होतं. पेंटरला मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की कुठल्या रंगाचं घर कुणी घेत नाही? तुझा फ्लॅट विकलाच गेला नाही तर तू कधी ना कधी परत येशील, एवढाच माझा हिशोब. सकाळी दार उघडते आणि समोर कुलूप दिसतं, ताई. दार उघडावंसंच वाटत नाही.

तूच त्याला नाही म्हण. माझ्यावर रागाव, पण नाही म्हण.

तुझी चिमी

१५ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरला मी होकार कळवला. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

तुझा डाव मला छतापाशीच कळला होता. मुद्दाम ठरवल्याशिवाय कपडेपटवाली बाई छताला वांगी लावत नाही. तरी मी पांढरा लाव म्हणून दटावलं, कारण तू ऐकणार नाहीस याची खात्री होती. ऐकलं असतंस तर घर लगेच विकलं असतं आणि मी इथेच अडकले असते; तुझ्याकडे राहायचं हे तुझं पत्र वाचून सुचलं.

काल जेवताना सांगितलं की मी परत जाते. मुलगा म्हणाला, पण घर तर विकलं. म्हटलं, चिमीकडे. दोन म्हाताऱ्यांना दोन घरं आणि दोन शेगड्या हव्यात कशाला? मला वाटलं, सुटलो म्हणेल. तो कितीतरी वेळ भात चिवडत बसला. मग म्हणाला, तू बघतेस म्हणून मी रोज धावतो गं, एरवी त्या यंत्रावर कपडे वाळायचे. पोट कमी झालंय म्हटलं. झालेलं नाही. सूनबाई उठून आत गेली आणि आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. वर्षातून दोनदा येऊन राहीन असं दोघांना कबूल केलंय, आणि ते पाळणार आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. घर तुझं, शिस्त माझी. घोरलीस तर कूस बदलायला लावीन, नोकरीत हेच केलं.

ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी रडले असं शेजारीपाजारी कुणी सांगितलं तर खोटं आहे. रस्त्यावरच्या खिडकीची खोली तुझ्यासाठी रिकामी केली. कपड्यांच्या पेट्या सध्या पॅसेजमध्ये आहेत, तिथून आडवं चालावं लागतं. तू जरा बारीक होऊन ये. शिस्त तुझी चालेल, पण स्वयंपाकघराबाहेर. घोरतेस तूही. इतकी वर्षं दोन दारं मध्ये होती म्हणून तुला सांगितलं नाही.

लोभ असावा. नसला तर निदान भांडण असावं, आणि ते समोर बसून असावं. पत्रातून मजा येत नाही.

तुझी चिमी