बाकाची डावी बाजू

परमस्नेही, आणि वादात माझे जन्मभराचे प्रतिपक्षी, यांच्या चरणी नव्हे (तुम्ही माझ्याहून वयाने लहान आहात, हे उतारवयातही विसरू नये), परंतु दोन्ही हातांस माझा सप्रेम नमस्कार.

ईशकृपेने येथे सर्व कुशल आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? लेकीच्या इमारतीस लिफ्ट आहे असे कळले, म्हणजे देहाचे ऊर्ध्वगमन तरी आता विनासायास होत असेल. जावईबापू वाद म्हणून घालत नाहीत, प्रत्येक सिद्धान्तास 'हो बाबा' म्हणून मोकळे होतात, अशी तुमची मागील पत्रात तक्रार होती. ती वाचून मी मनमुराद हसलो होतो. त्या हसण्याचे फळ मला याच जन्मी, याच बागेत मिळाले. तेच निवेदन करण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपली बाग आता तुम्ही ओळखणार नाही. कोरडे कारंजे, नाक उडालेला पुतळा, कमरेएवढे गवत आणि त्यात जुन्या झाडाखालचा तो दगडी बाक, ज्याच्या उजव्या बाजूस बसून मी अद्वैत मांडत असे आणि डाव्या बाजूस बसून तुम्ही ते मोडत असा. अख्ख्या शहराने टाकून दिलेली ती पुरातन जागा आपण दोघांनी केवळ भांडून जिवंत ठेवली होती. तुम्ही लेकीकडे गेलात आणि पाठोपाठ बागेस ऊर्जितावस्था आली. (या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे, असे माझे म्हणणे नाही.) उद्यान पुनरुज्जीवन समिती स्थापन झाली; अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य, चिटणीस आमच्या सूनबाई. दंतवैद्यांना फट कोठेही सहन होत नाही. त्यांनी प्रथम पुतळ्यास नाक बसवले. ते इतके शुभ्र आहे की तो थोर पुरुष नुकताच चुन्याच्या डबीत डोकावून आल्यासारखा दिसतो. मग फरशीच्या फटी बुजल्या, कारंजे उडू लागले, दिवे लागले, चित्रकलेचे वर्ग, शाळांच्या सहली, गाण्याचे जलसे सुरू झाले आणि त्यांच्या मागोमाग पर्यटकांचे ताफे आले. यात वाईट काहीच नाही. ज्या बायका पूर्वी त्या रस्त्याने जाणेच टाळत, त्या आता लेकरांना घेऊन कारंज्याच्या काठी निवांत बसतात, हे पाहून मी समितीस मनोमन आशीर्वाद दिला. दुसऱ्याच दिवशी समितीने आपला बाक घासून लख्ख केला, त्याभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: 'ऐतिहासिक आसन. बसू नये.'

मी दोरी ओलांडून नित्याप्रमाणे बसलो. रखवालदाराने शिट्टी फुंकली. ("आजोबा, उठा बघू! दोरी दिसत नाही का? माझी नोकरी घालवाल.") घरी येऊन मी सूनबाईंकडे दाद मागितली. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "बाबा, तो बाक ऐतिहासिक आहे." मी विचारले, "आणि मी?" "तुम्ही घरचे आहात." यावर कोणत्याही दर्शनात उत्तर नाही. मात्र त्यांच्या मनाला ते लागून राहिले असावे, कारण पुढे त्यांनीच पळवाट काढली: कार्यक्रमातील कलावंतास दोरीच्या आत बसता येते. तेव्हापासून, मित्रवर्य, मी संस्कृती झालो आहे. रोज सायंकाळी 'जुन्या काळचा शास्त्रवाद' या मथळ्याखाली मी बाकावर बसतो आणि पर्यटक दोरीपाशी उभे राहतात. परवा एका बाईंनी वाटाड्यास विचारले, "हे इथेच राहतात का हो?" तो निर्लज्ज म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्या!" एका गृहस्थाने मी खरा आहे की पुतळा, हे पाहण्यासाठी माझ्या खांद्यास बोट लावले. (जग मिथ्या असल्याचे मी आयुष्यभर सांगितले, जगाला माझ्याविषयी तशी शंका यावी, हे मात्र मला आवडले नाही. हल्ली मी निघण्यापूर्वी केस विंचरतो.)

हेही सोसले असते; पण वादास प्रतिपक्षी लागतो, आणि तुमच्या जागी स्वतः दंतवैद्य बसतात. मी म्हणतो, जीव आणि ईश्वर एकच. ते म्हणतात, "अगदी बरोबर!" त्यांना चेतवण्यासाठी मी, देव मला क्षमा करो, एकदा तुमचे द्वैत मांडले. "तेही पटलं! जरा मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू येत नाहीये." जन्मभर दुसऱ्यांची वाचा बंद करून पोट भरलेल्या मनुष्याने स्वतः एकदाही ठामपणे 'नाही' म्हणू नये? मी रोज जिंकतो, आणि रोज तोंड पाडून घरी येतो. प्रेक्षकही पांगू लागले आहेत. होकार ऐकण्यासाठी कोण उभे राहील? सोमवारी समितीची बैठक आहे. आमची वेळ हास्यमंडळास द्यावी, असे घाटत आहे. ते लोक गवतावर उभे राहून हसतात, त्यांना बाकाची गरज नाही. मग दोरी कायमची आवळली जाईल आणि मी तिच्या बाहेर राहीन.

मी तुम्हास 'या' म्हणत नाही. दुसरे असे काही नाहीच, हे ज्याने जन्मभर सांगितले, त्याने दुसऱ्यावाचून अडते असे लिहिणे शोभणार नाही. लेकीस व नातवंडांस अनेक आशीर्वाद.

तुमचाच (आणि सिद्धान्ततः तुम्हीच),
बाकाच्या उजव्या बाजूचा

ता. क. शनिवारची सकाळची गाडी सोयीची आहे, असे सूनबाई सहज म्हणाल्या. तुमच्या गुडघ्यासाठी दोरी खाली सोडण्याचे रखवालदाराने, मी न विचारता, कबूल केले आहे.

पुन्हा ता. क. निघण्याच्या दिवशी तुम्ही विचारले होते, "सारे एकच असेल, तर वाट कोण पाहतो आणि कोणाची?" त्याचे उत्तर मला सापडले आहे. ते अत्यंत सूक्ष्म असल्याने पत्रात मावणार नाही, बाकावरच सांगेन.

आणखी एक. वरील मजकूर लिहून जपास बसलो, तो माळ पुढे सरकेना. म्हणून कळवतो की उत्तर सापडलेले नाही. तरी या. डावी बाजू मी रोज पुसून ठेवतो. दंतवैद्यांना वाटते, त्यांच्यासाठी.