बाळंतिणीच्या खोलीचं एअर कंडिशन

१२ मार्च १९६३
अकोल्याहून मोरोपंत व्याह्यांचं पत्र. आमच्या रमाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत त्यांना मान्य, पण "चांदूर बाजारचं ऊन व आपलं मातीचं घर पाहता" सुनेला पाठवावं की नाही, विचार चालू आहे म्हणे. जठारपेठेत त्यांच्याकडे सीलिंग फॅन आहेत. तीन. पत्रात दोनदा लिहिलंय.
गोदावरीने वाचलं आणि चुलीपाशी जाऊन डोळे पुसले. मला पाहवेना. लगेच उत्तर टाकलं: बाळंतिणीची खोली एअर कंडिशन होत आहे, नि:शंक पाठवावी.
कशी होणार, हा विचार पोस्टातून परत येताना केला. पण हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं सायन्स शिकवलं आहे. होईल.

१४ मार्च
गोदावरी म्हणते, घर मुळात गारच आहे. दीड हात जाड भिंती, वर मातीचं धाबं, इथे कोणाला कधी ऊन लागलेलं नाही. हिला कोण समजावणार? गार असणं वेगळं, एअर कंडिशन असणं वेगळं.

२३ मार्च
अकोल्याला जाऊन आलो. व्याह्यांकडे गेलो नाही, एकदम दाखवू. बंद पडलेल्या एका टॉकीजचा प्रचंड पंखा मिळाला. चौघांनी उचलून बैलगाडीत ठेवला.
प्लॅन: भिंतीला मोठं भोक, त्यात पंखा. बाहेरून खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी. धाब्यावर पाण्याचे ड्रम, नळीने ताटीवर पाणी. बाष्पीभवन! सातवीच्या पोरांना येतं.

२ एप्रिल
जानराव गवंडी आला. भिंतीवर हात फिरवत बराच वेळ उभा. म्हणाला, "मास्तर, ह्या भिताडावर तुळई टेकेल हाये. इथंच भोक काहून पाडून राहिले तुमी?" त्याला भाराची विभागणी समजावली. मान हलवली, म्हणजे समजलं असावं. भोक पाडलं, पण मजुरी घेईना. "हे काम जानरावनं केलं असं कोनाले सांगू नका, बस." अशी नम्र माणसं आता राहिली नाहीत.

९ एप्रिल
ड्रम चढले. चार. बरोबर त्याच भिंतीच्या डोक्यावर ठेवले, नळी कमी लागते. भरताना वरून थोडी माती पडली. मातीचं घर आहे, माती पडणारच.
भोकाच्या वरच्या कोपऱ्यात भेग. केसाएवढी. पेन्सिलने खूण करून तारीख घातली. सायन्समध्ये नोंद महत्त्वाची.

१६ एप्रिल, दुपारी २
सुरू! बाहेर १०८, आत ९४. (थर्मामीटर ताटीला टेकवून.) खोलीच्या मध्ये १०१, पण तिथे कोण बसतं? पंख्याचा आवाज घरभर, फडताळातली भांडी वाजतात. शेजारचे खुशालराव पाहायला आले. शेतकरी माणूस, त्यांना यंत्राचं काय कळणार. आठवडाभर नळीची चाचणी चालली होती, त्या ओल्या भिंतीच्या पायथ्याशी बोट खुपसलं, बोट आत गेलं. म्हणाले, "मास्तर, मातीचं घर पावसाचं पानी बाहेरून सोसते कसंबसं. तुमी तं त्याले रोज घागरीनं पाजून राहिले."
निश्चय: लोकांचं ऐकायचं नाही.

२१ एप्रिल
रमा आली! जावई पोचवून गेले, जाताना "वा, सिनेमासारखं वाटतं" म्हणाले. गोदावरी आज वर्षभराने हसली. रमाची बाज कुठे ठेवायची ते फुटपट्टीने मापून ठरवलं, झोत थेट अंगावर येईल अशी. तुळईच्या बरोबर खाली येते.
भेग एक बोट.

२ मे
रमा म्हणते, दुपारी भिंतीतून आवाज येतो, कोणी वाळकी पानं चावल्यासारखा. मी म्हटलं, नळीतलं पाणी असेल. ती म्हणाली, "बाबा, नळी बंद असतानाही येतो."
भिंतीचा पोपडा निघाला, आत वाळवी. पांढरी, लठ्ठ. पोपडा परत बसवून वर कॅलेंडर लावलं. गरोदर बाईने असलं पाहू नये.

९ मे
भेग दोन बोटं. पहिली खूण भेगेत गेली, नवी केली. रमाच्या पांघरुणावर रोज सकाळी माती. गोदावरी ती झटकते आणि वर तुळईकडे पाहते. तिचं ते पाहणं मला आवडत नाही. मलाही दुपारी झोप येत नाही हल्ली. उकाडा.

१४ मे
संध्याकाळी देवघर रिकामं. गोदावरीने देव सोवळ्यात गुंडाळून खुशालरावांकडे नेऊन ठेवले. कुणब्याच्या घरी आमचे देव! जी बाई त्यांच्याकडचं पाणी पीत नव्हती ती! का विचारलं तर म्हणाली, "देवांना काही निघता येत नाही स्वतःहून."
अंधश्रद्धा. मात्र आज भेगेत हात जातो. मनगटापर्यंत.

१७ मे
भांडण. गोदावरी रमाला हाताला धरून खुशालरावांकडे घेऊन गेली. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणालो, व्याह्यांना काय तोंड दाखवू? ती म्हणाली, "सरा बाजूला." लग्नाला तीस वर्षं झाली, असं कधी बोलली नव्हती.
मोरोपंतांना पत्र लिहिलं: यंत्रणा पूर्ण यशस्वी, रमा गारव्यात सुखरूप. उद्या टाकतो.

१८ मे, दुपारी
पत्र टाकून परत येताना गल्लीच्या तोंडाशी आवाज ऐकला. मोठा नव्हता. धान्याचं पोतं टाकावं तसा.
पडली. भिंत, तुळई, धाबं, ड्रम, सगळं.

१९ मे
मुलगी झाली. पहाटे. खुशालरावांच्या मैनाबाईंनी सुईणीला हाताशी धरून सगळं निभावलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरगी हाये जी. दोघी बऱ्या हायेत. बसा आता खाली." बसलो.

२२ मे
ढिगारा उपसला. जानराव न बोलावता आला. बाज सापडली. चारी पाय मोडलेले, तुळई मधोमध आडवी. जागा मीच मापली होती.
फुटपट्टीही सापडली. शाबूत.
गोदावरीने माझं ऐकलं असतं तर... पुढे लिहवत नाही.

२८ मे
मोरोपंतांचं पत्र. मुलगी झाल्याची माझी तार पोचली (भिंतीचं त्यात कळवलं नव्हतं), बारशाला सहकुटुंब येत आहेत. माझं पत्र त्यांनी जठारपेठेत चारचौघांत वाचून दाखवलं. यंत्र स्वतः पाहणार, त्यांच्याकडेही भिंत फोडून तसंच बसवायचा विचार आहे, गवंडी कोणता ते कळवावं.
पत्र गोदावरीला दाखवलं. तिने वाचलं. नात माझ्या मांडीवर ठेवली आणि हातात विंझणा दिला.
खुशालरावांची ओसरी. मातीची. आत गार आहे, किती ते मोजलं नाही. तासभर वारा घातला. नात झोपली तरी थांबलो नाही.